पन्नास राज्यं, एक प्रसंग: अमेरिकेतल्या संगणक-गुन्ह्यांच्या कायद्यांची तुलना करताना

मध्यंतरी संगणकात विनापरवानगी शिरण्याच्या गुन्ह्याची राज्याराज्यांतली कमाल शिक्षा मांडणारी एक शीट तपासायला आली. त्यात टेक्ससच्या रकान्यात ‘१८० दिवस’ आणि जॉर्जियाच्या रकान्यात ‘१५ वर्षं’ असे आकडे शेजारी शेजारी बसले होते. खाली शेरा होता, ‘जॉर्जियाचा कायदा तीसपट कडक’. दोन्ही आकडे बरोबर, हिशेबही बरोबर, फक्त शेरा साफ चुकलेला. टेक्ससचे १८० दिवस ही नुसत्या शिरकावाची पायरी आहे. त्याच कलमात नुकसानाची रक्कम वाढत गेली की शिडी जन्मठेपेपर्यंत जाते. जॉर्जियाची १५ वर्षं मात्र नुसत्या शिरकावाला लागतच नाहीत. चोरीचा, मोडतोडीचा किंवा दुसऱ्याची खासगी माहिती चाळण्याचा हेतू असेल तरच ती लागतात. म्हणजे तळमजल्याची उंची एका इमारतीची घेतली आणि गच्चीची दुसऱ्या इमारतीची.

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी लॉ फर्मसाठी ‘फिफ्टी स्टेट सर्व्हे’ (एकाच प्रश्नावर पन्नासही राज्यांचे कायदे मांडणारा तक्ता) भरणाऱ्या मंडळींकडून ही चूक वारंवार होते. एलएलएमसाठी (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी) तिकडे गेलेल्यांकडूनही होते. कारण सवयीत आहे. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आणि केंद्राचा. पोलिस राज्याचे असले तरी कलम ६६ गडचिरोलीत जे म्हणतं तेच चेन्नईत म्हणतं. अमेरिकेत १९८६ चा एक संघीय कायदा आहे, आणि त्याशिवाय पन्नासही राज्यांचे आपापले. प्रत्येकाची व्याख्या वेगळी, गुन्ह्याचं नाव वेगळं, शिडी वेगळी. कलमासमोर कलम मांडून ते जुळत नाहीत. एकच प्रसंग घ्यायचा आणि तो प्रत्येक राज्याच्या कायद्यातून चालवून पाहायचा, एवढाच मार्ग आहे. खालचा क्रम त्यासाठी आहे, आणि तो बदलू नका.

## १. कायदा उघडण्याआधी प्रसंग लिहा

आठ-दहा ओळी पुरतात, पण प्रत्येक ओळीत एक तथ्य हवं. लॉगिन कुणी दिलं होतं? त्या दिवशी ते चालू होतं का? काय उघडलं, काय कॉपी केलं, काय बदललं? माणूस कुठे बसला होता, सर्व्हर कुठे होता? तारीख कोणती? संगणकाच्या मालकाचा खर्च किती झाला?

या लेखापुरता प्रसंग असा घेऊ. एका दवाखान्यातला रिसेप्शनिस्ट. लॉगिन दवाखान्यानेच दिलेलं आणि चालू. कामाच्या वेळेत त्याने स्वतःच्या शेजाऱ्याची फाइल उघडली, वाचली, बंद केली. कॉपी नाही, प्रिंट नाही, बदल नाही. दवाखान्याच्या नियमावलीत ‘नोंदी कामापुरत्याच पाहाव्यात’ असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली त्याची सही आहे.

प्रसंगात ‘हॅक केलं’, ‘अनधिकृतपणे’, ‘चोरली’ असे शब्द लिहू नका. तो निष्कर्ष आहे, आणि तो राज्यागणिक बदलतो. ‘अनधिकृतपणे पाहिली’ असं तथ्यांतच लिहिलंत तर पुढची सगळी मेहनत वाया. उत्तर तुम्ही आधीच देऊन बसलात.

तपासा: प्रसंग कायदा न शिकलेल्या मित्राला वाचायला द्या. त्याने ‘पण त्याला पाहायची परवानगी होती का नव्हती?’ असं विचारलं तर प्रसंग नीट लिहिला गेला आहे.

## २. मजकूर कुठला आणि कधीचा

नॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्टेट लेजिस्लेचर्सच्या यादीसारखे तयार तक्ते गुगलवर पटकन सापडतात. त्यांचा उपयोग टेलिफोन डिरेक्टरीसारखा करा. कलम क्रमांक घ्या आणि त्या राज्याच्या विधिमंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन मूळ मजकूर काढा. तक्त्यातलं वाक्य शीटमध्ये चिकटवू नका.

इथे तीन खड्डे आहेत.

पहिला, कलम जागेवर नसतं. इलिनॉयमध्ये संगणक-गुन्ह्यांची कलमं पूर्वी १६-डी या भागात होती. २०११ मध्ये फौजदारी संहितेची फेरमांडणी झाली आणि ती १७-५० पासून पुढे गेली. जुन्या लेखातला क्रमांक उचललात तर रद्द कलमाचा हवाला द्याल.

दुसरा, विधेयकाला कायदा समजणं. जॉर्जियाचं २०१८ मधलं सिनेट विधेयक ३१५ हे याचं ठळक उदाहरण. नुसत्या अनधिकृत शिरकावालाच गुन्हा ठरवणारं हे विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, सुरक्षा-संशोधकांनी त्याविरुद्ध बराच आवाज उठवला, बातम्या झाल्या. मे २०१८ मध्ये गव्हर्नर नेथन डील यांनी ते नाकारलं. त्या बातम्या अजून इंटरनेटवर आहेत आणि ‘मंजूर’ हा शब्द त्यांच्या मथळ्यात आहे. नकाराची बातमी शोधायला कुणी जात नाही.

तिसरा, तारीख. कृत्य झालं त्या दिवशी जो मजकूर लागू होता तोच घ्यायचा. टेक्ससने रकमांच्या पायऱ्या २०१५ मध्ये वाढवल्या. त्याआधीच्या कृत्याला आजची शिडी लावणं चूकच. कलमाखाली बारीक अक्षरात दुरुस्त्यांचा इतिहास असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘संगणक गुन्हे’ या नावाचं प्रकरण सापडलं म्हणून शोधही थांबवू नका. कॅलिफोर्नियात रॅन्समवेअरची (माहिती कुलूपबंद करून पैसे उकळणाऱ्या प्रोग्रामची) तरतूद संगणक-गुन्ह्यांच्या कलम ५०२ मध्ये नाही. ती दंडसंहितेच्या ५२३ मध्ये, खंडणीच्या कलमांजवळ आहे. टेक्ससमध्ये तीच गोष्ट त्याच प्रकरण ३३ मध्ये, पण ३३.०२३ या वेगळ्या कलमात आहे.

## ३. आधी व्याख्या, मग गुन्हा

गुन्ह्याचं कलम वाचायची घाई सगळ्यांना असते. थांबा. ‘अ‍ॅक्सेस’ (शिरकाव) या एका शब्दावर अख्खी तुलना पालटते.

कॅन्ससमधला ‘स्टेट विरुद्ध अ‍ॅलन’ हा १९९६ चा निकाल घ्या. आरोपीने मोडेमवरून टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेला फोन लावला होता, पण पासवर्डची पायरी ओलांडल्याचा पुरावा नव्हता. कायद्यातली अ‍ॅक्सेसची व्याख्या इतकी पसरट होती की ती शब्दशः घेतली तर संगणकाच्या ‘जवळ जाणं’देखील त्यात आलं असतं. कॅन्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा अर्थ लावायला नकार दिला. दारावरची पाटी वाचली म्हणजे घरात शिरलात असं होत नाही, हा त्यातला मथितार्थ (शब्द माझे). वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टेट विरुद्ध रायली’ या १९९३ च्या निकालात मात्र लांब पल्ल्याच्या फोन कंपनीच्या स्विचवर अंदाजाने कोड टाकत राहणं हासुद्धा संगणकातला शिरकावच धरला.

या रायलीने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं होतं. न्यू जर्सीतही एक ‘स्टेट विरुद्ध रायली’ आहे. तो २००९ चा, खालच्या न्यायालयातला, पोलिस अधिकाऱ्याने आपल्याच खात्यातलं चित्रीकरण पाहण्याबद्दलचा. विषय तोच, नाव तेच, आणि निकालाचा रोख उलटा, आरोप फेटाळण्याचा. मी वॉशिंग्टनच्या ओळीत न्यू जर्सीच्या निकालाचा संदर्भ (साइटेशन) घातला आणि मेमो तसाच पुढे गेला. तिकडच्या फर्ममधल्या असोसिएटने (कनिष्ठ वकिलाने) ‘कोणता रायली?’ एवढंच लिहून परत पाठवला. तेव्हापासून ‘स्टेट विरुद्ध’ दिसलं की राज्य, न्यायालय आणि वर्ष लिहिल्याशिवाय मी ओळ सोडत नाही.

तपासा: प्रत्येक राज्यासाठी दोन शब्दांच्या व्याख्या तरी स्वतंत्र रकान्यात उतरवल्या आहेत का? एक ‘अ‍ॅक्सेस’, दुसरा ‘परवानगीविना’ किंवा त्या राज्यात त्याला जे म्हणतात तो. व्याख्याच नसेल तर ‘कायद्यात व्याख्या नाही’ असं लिहा. रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा रकाना पाहणाऱ्याला तुम्ही शोधलंच नाही असं वाटतं.

## ४. परवानगी: सगळा वेळ इथे घालवा

कामाचा निम्मा वेळ या पायरीला द्या. आपला रिसेप्शनिस्ट लॉगिनचा मालक आहे, पण हेतू कामाचा नाही. संघीय कायद्यापुरता हा प्रश्न ‘व्हॅन ब्युरन विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या जून २०२१ च्या निकालाने बराचसा मिटला. जॉर्जियातल्या एका पोलिस सार्जंटने पैसे घेऊन गाडीच्या नंबर प्लेटची माहिती काढली होती. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की जी माहिती पाहण्याचा अधिकार आहे ती चुकीच्या हेतूने पाहिली, एवढ्यावरून संघीय कलम लागत नाही. दरवाजा उघडा आहे की बंद, एवढंच पाहायचं.

सावधान: हा निकाल संघीय कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावतो. राज्याच्या कायद्याचा अर्थ राज्याचं न्यायालय लावतं. ‘व्हॅन ब्युरनमुळे गुन्हा नाही’ हे वाक्य राज्याच्या रकान्यात दिसलं की मी लाल रंग करतो.

आता तोच प्रसंग सहा राज्यांतून चालवू.

टेक्सस. कलम ३३.०२ विचारतं, मालकाची ‘परिणामकारक संमती’ होती का? ३३.०१ मधली व्याख्या सांगते की संमती ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामासाठी वापरली तर ती परिणामकारक राहत नाही. रिसेप्शनिस्ट इथे शब्दशः अडकतो. व्याख्येचं पान न उघडता फक्त ३३.०२ वाचणारा ‘लॉगिन होतं, म्हणजे संमती होती’ असं लिहून मोकळा होतो.

जॉर्जिया. व्हॅन ब्युरन ज्या राज्यातला, त्याच राज्याचा कायदा ‘अधिकाराविना’ या शब्दांत दिलेल्या परवानगीपलीकडचा वापरही धरतो. शिवाय कलम १६-९-९३ मध्ये संगणकाद्वारे खासगीपणाचा भंग हा वेगळा गुन्हा आहे. दुसऱ्याची वैद्यकीय, पगाराची, आर्थिक किंवा वैयक्तिक माहिती पाहण्याच्या हेतूने संगणक वापरणं, आणि असं पाहायचा अधिकार नाही हे ठाऊक असणं. कॉपी करायची गरज नाही, वाचलं तरी पुरे. कमाल शिक्षा १५ वर्षं किंवा ५०,००० डॉलर दंड किंवा दोन्ही.

वॉशिंग्टन. नेमकं दुसरं टोक. २०१६ च्या सायबर-गुन्हे कायद्यातल्या व्याख्येनुसार ‘विनापरवानगी’ म्हणजे माहिती मिळवण्यासाठी तांत्रिक अडथळा जाणूनबुजून ओलांडणं. रिसेप्शनिस्टने काहीच ओलांडलं नाही, स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. या प्रकरणाखाली तो बसणं अवघड.

न्यूयॉर्क. इथे कायद्याइतकाच निकाल महत्त्वाचा. दंडसंहितेच्या कलम १५६.०० मध्ये व्याख्या आहे. परवानगी नाही हे आरोपीला माहीत हवं, किंवा तशी प्रत्यक्ष सूचना मिळालेली हवी. नियमावलीवरची सही म्हणजे सूचनाच की, असं वाटतं. पण ‘पीपल विरुद्ध गॉल्ब’ या २०१४ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात, नावाने फसू नका) विद्यापीठाचा संगणक गैरकामासाठी वापरणाऱ्याची या कलमाखालची शिक्षा रद्द केली. हे कलम परवानगी नसताना यंत्रणेत शिरणाऱ्यासाठी आहे, असा त्यांचा अर्थ. हा अडसर पार झाला तर मात्र प्रकरण गंभीर होतं, कारण ओळख पटेल अशा माणसाच्या वैद्यकीय नोंदी १५६.१० खाली येतात आणि तो ई वर्गाचा फेलनी (जड शिक्षेचा गंभीर गुन्हा) आहे.

कॅलिफोर्निया. कलम ५०२ मध्ये गुन्ह्यांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येक उपकलमाचे घटक निराळे, त्यामुळे ‘५०२ लागू’ असं लिहिणं निरर्थक आहे. ५०२(सी)(७) हे परवानगीविना अ‍ॅक्सेसचं उपकलम. ‘क्रिसमन विरुद्ध सिटी ऑफ लॉस एंजेलिस’ या २००७ च्या निकालात अपील न्यायालयाने सांगितलं की लॉगिनचा हक्क असलेल्या पोलिसाने खात्याच्या संगणकावर कामाबाहेरच्या गोष्टी शोधणं यात बसत नाही. ५०२(सी)(२) मात्र वेगळं. तिथे अ‍ॅक्सेसनंतर परवानगीविना माहिती घेणं, कॉपी करणं किंवा वापरणं हा घटक आहे. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध क्रिस्टेन्सन’मध्ये २०१५ साली नवव्या सर्किटने (हे संघीय अपील न्यायालय) म्हटलं की या उपकलमासाठी अ‍ॅक्सेस अनधिकृत असायची गरज नाही. आता प्रश्न उरतो, नुसतं वाचणं म्हणजे ‘वापरणं’ का? रिसेप्शनिस्टने घरी जाऊन बायकोला शेजाऱ्याचा आजार सांगितला तर? अशी तथ्यं प्रसंगात नसतील तर पहिल्या पायरीवर परत जा आणि विचारा.

मॅसॅच्युसेट्स. प्रकरण २६६, कलम १२०-एफ. छोटंसं कलम, पण एक वाक्य अफलातून. पासवर्ड मागितला जाणं हीच, प्रवेश फक्त अधिकृत लोकांसाठी आहे याची सूचना. बाहेरच्या माणसाला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय उरत नाही. आपला रिसेप्शनिस्ट मात्र अधिकृत लोकांपैकीच आहे, आणि हेतूबद्दल कलम काहीच बोलत नाही. इथे प्रामाणिक उत्तर ‘मजकुरावरून ठरत नाही’ हेच.

एकच माणूस, एकच फाइल, पाचेक मिनिटांचं कृत्य. एका राज्यात १५ वर्षांचं कलम तोंडावर, दुसऱ्यात त्या प्रकरणाखाली जवळजवळ काहीच नाही. शिक्षेचा रकाना आधी भरला असता तर यातलं काहीही दिसलं नसतं.

तपासा: आता एकच तथ्य बदला. रिसेप्शनिस्टने नोकरी सोडली आहे, पासवर्ड बंद करायचा राहून गेला आणि त्याने घरून लॉगिन केलं. मॅसॅच्युसेट्सचं उत्तर एकदम स्पष्ट व्हायला हवं. वॉशिंग्टनमध्ये जुना पण चालणारा पासवर्ड टाकणं म्हणजे अडथळा ‘ओलांडणं’ का, हा खरा वाद उभा राहायला हवा. तुमच्या शीटमधली उत्तरं जराही हलली नाहीत तर तुम्ही व्याख्या वापरलेल्या नाहीत.

## ५. मनातला हेतू

इथे फार वेळ लागत नाही, पण वगळू नका. ‘जाणूनबुजून’ एवढंच हवं, की ‘फसवण्याच्या हेतूने’, की दुष्ट हेतू? व्हर्जिनियाच्या संगणक-अतिक्रमणाच्या कलमात (१८.२-१५२.४) दुष्ट हेतू, किंवा मुद्दाम फसवे मार्ग आणि अधिकाराचा अभाव, असं काहीतरी लागतं. त्यावर माहिती पुसणं, यंत्र बंद पाडणं अशा ठरावीक कृत्यांपैकी एक लागतं. नाव ‘ट्रेसपास’ असलं तरी नुसतं आत शिरणं पुरत नाही. न्यूयॉर्कच्या ‘ट्रेसपास’ला दुसरा फेलनी करण्याचा हेतू किंवा विशिष्ट प्रकारची माहिती लागते. एकच नाव, दोन वेगळे गुन्हे. गुन्ह्याच्या नावावरून ओळी जुळवणं ही शीटमधली सर्वांत जास्त सापडणारी दुसरी चूक.

आणि शब्द रुंद दिसला म्हणून रुंद धरू नका. जॉर्जियाच्या अतिक्रमणाच्या उपकलमात माहितीच्या वापरात अडथळा आणणं किंवा ‘कोणत्याही प्रकारे’ ढवळाढवळ करणं असे शब्द आहेत. एका शहर-प्रशासनातल्या तंत्रज्ञाने सेटिंग बदलून आपल्या साहेबाच्या ईमेलच्या प्रती स्वतःकडे वळवल्या होत्या. मूळ ईमेल साहेबाला पोचत होत्या. ‘किन्सलो विरुद्ध स्टेट’ या २०२१ च्या निकालात जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने या उपकलमाखालची शिक्षा रद्द केली, कारण कुणाच्या वापरात अडथळा आल्याचं सिद्ध झालं नव्हतं. कलम तेच, पण उपकलम चुकलं की खटला गेला.

## ६. सूट आणि बचाव

कलमाच्या शेवटाकडे, सगळे कंटाळलेले असतात तिथे, हे लपलेलं असतं. कॅलिफोर्नियाच्या ५०२(एच) मध्ये नोकरीच्या कक्षेतल्या कृत्यांना सूट आहे. कक्षेबाहेरच्या कृत्यालाही, इजा झाली नसेल किंवा वापरलेल्या सामग्रीचं व सेवेचं मूल्य २५० डॉलरच्या आत असेल तर, वाट आहे, पण ती फक्त ५०२(सी)(३) या उपकलमापुरती. न्यूयॉर्कच्या १५६.५० मध्ये ‘मला परवानगी आहे असं मानायला वाजवी कारण होतं’ हा बचाव आहे. वॉशिंग्टन तर व्याख्येतच ‘व्हाइट हॅट’ (चांगल्या हेतूने केलेलं) सुरक्षा-संशोधन बाहेर ठेवतं. पेनिट्रेशन टेस्टिंग (यंत्रणेत शिरता येतं का याची चाचणी) करणाऱ्यांनी हा रकाना इतर कुणाहीपेक्षा आधी वाचावा, आणि ‘एका राज्यात चालतं म्हणजे सगळीकडे चालतं’ हे डोक्यातून काढावं.

## ७. आता दर्जा आणि शिक्षा

आधी एक भाषेचा घोटाळा. फेलनी म्हणजे ‘दखलपात्र’ आणि मिस्डिमीनर (फेलनीहून हलका गुन्हा) म्हणजे ‘अदखलपात्र’ असं भाषांतर मी कित्येक मेमोंत पाहिलं आहे. आपला दखलपात्र-अदखलपात्र हा भेद पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते का, यावर उभा आहे. तिकडचा भेद शिक्षेच्या वजनावर. ते शब्द देवनागरीत तसेच ठेवा.

एका आकड्याऐवजी शिडी उतरवा. टेक्ससमध्ये नुसता शिरकाव म्हणजे क्लास बी मिस्डिमीनर, १८० दिवसांपर्यंत कैद आणि २,००० डॉलरपर्यंत दंड. संगणक सरकारी असेल तर तेच स्टेट जेल फेलनी होतं. फसवणुकीचा, इजेचा किंवा मोडतोडीचा हेतू असेल तर रकमेवर पायऱ्या, १०० डॉलरच्या आतली सर्वांत खालची आणि ३,००,००० डॉलरपासून पहिल्या दर्जाचा फेलनी. न्यूयॉर्कमध्ये संगणकीय माहितीशी छेडछाडीच्या गुन्ह्यात १,००० डॉलरच्या वर ई वर्ग, ३,००० च्या वर डी, ५०,००० च्या वर सी. कमाल कैद अनुक्रमे ४, ७ आणि १५ वर्षं. कॅलिफोर्नियात ५०२(सी)(७) चं पहिलं, कुणाला इजा न करणारं उल्लंघन हे नुसतं ‘इन्फ्रॅक्शन’ आहे. १,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग नाही, वाहतुकीच्या दंडाच्याच जातीचं. याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

मग विचारा, रक्कम कशाची मोजायची? कॅलिफोर्निया ‘पीडिताचा खर्च’ मोजतं, आणि त्यात यंत्रणेला काही झालं आहे की नाही एवढं तपासण्याचा वाजवी खर्चही येतो. माणसाने आत जाऊन काहीही केलं नाही, पण कंपनीने तज्ज्ञ बोलावून ६,००० डॉलर मोजले. ५,००० ची रेघ ओलांडली गेली आणि प्रकरण फेलनीच्या टप्प्यात आलं. नुकसान शून्य आणि खर्च मोठा, अशी तथ्यं असतील तर हा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

सावधान: कमाल शिक्षा म्हणजे मिळणारी शिक्षा नव्हे. रकान्याच्या डोक्यावर ‘कायद्यातील कमाल’ असं लिहा.

## ८. खटला कुठे, कधीपर्यंत, कितीदा

माणूस एका राज्यात, सर्व्हर दुसऱ्यात, मालक तिसऱ्यात हे नेहमीचंच. कॅलिफोर्नियाचं ५०२(जे) म्हणतं की एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणच्या संगणकात शिरणाऱ्याने दोन्ही ठिकाणी स्वतः शिरकाव केला असं धरावं. जॉर्जिया आणि व्हर्जिनियातही यासाठी स्वतंत्र कलमं आहेत.

हा रकाना किती जड असतो ते ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध ऑर्नहाइमर’मध्ये दिसतं. आयपॅड ग्राहकांचे ईमेल पत्ते मिळवल्याचा संघीय खटला न्यू जर्सीत चालला. त्यातला आरोप फेलनीच्या दर्जाला नेण्यासाठी सरकारी पक्षाने न्यू जर्सी राज्याच्याच संगणक कायद्याचा आधार घेतला. पण आरोपी आर्कान्सॉ आणि कॅलिफोर्नियात होते, सर्व्हर टेक्सस आणि जॉर्जियात. एप्रिल २०१४ मध्ये तिसऱ्या सर्किटने, खटल्याची जागाच चुकली, म्हणून शिक्षा रद्द केली. वकिलांनी आतला मुद्दा वर्षभर घासला होता. खटला पडला तो पत्त्यावरून.

मुदतीसाठी संगणकाचं प्रकरण पुरत नाही, फौजदारी प्रक्रियेची कलमंही उघडा. व्हर्जिनियात साध्या मिस्डिमीनरला एक वर्षाची मुदत, पण संगणक-गुन्ह्यांच्या मिस्डिमीनरला वेगळा नियम. शेवटच्या कृत्यापासून पाच वर्षं किंवा कृत्य आणि करणारा उघडकीस आल्यापासून एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते.

एकाच कृत्यासाठी राज्य आणि संघ दोघेही खटला भरू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ‘गॅम्बल विरुद्ध युनायटेड स्टेट्स’मध्ये २०१९ साली ते कायम ठेवलं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाने आपापल्या कायद्यात याला काही आवर घातला आहे. इतर राज्यांसाठी एकेक करून पाहा, अंदाज करू नका.

## ९. शीट भरताना

रकान्यांचा क्रम वर आला तोच ठेवा आणि शिक्षा डावीकडे ओढू नका. काम देणारा सांगेल, ‘आधी शिक्षा दिसू दे’. त्याला शेवटी वेगळा तक्ता काढून द्या. प्रत्येक ओळीला कायदा पाहिल्याची तारीख, आवृत्ती आणि तुमची आद्याक्षरं हवीत. निकालासमोर न्यायालय, वर्ष आणि तो अजून टिकून आहे का, हे हवं. संघीय न्यायालयाने राज्याच्या कायद्याचा अर्थ लावला असेल, क्रिस्टेन्सनसारखा, तर ‘संघीय, राज्य न्यायालयांवर बंधनकारक नाही’ अशी टीप घाला.

उत्तराच्या रकान्यात ‘होय’ आणि ‘नाही’बरोबर तिसरा पर्याय ठेवा, ‘मजकुरावरून ठरत नाही’, आणि त्याच्यापुढे कारण एका वाक्यात. मॅसॅच्युसेट्सच्या ओळीत मी असं लिहितो: ‘पासवर्ड ही बाहेरच्याला सूचना. आतल्या माणसाच्या हेतूबद्दल कलम गप्प.’ तिकडचा असोसिएट पहिल्यांदा कुरकुरतो, कारण त्याला होय-नाही हवं असतं. मग तो त्याच ओळीवर फोन करतो.